मैत्रेयीचं चौथं मरण

मारेगाव, मंगळवार

प्रिय मैत्रेयी,

कराटेचा नवा बेल्ट पाठवायचाय असं खोटं सांगून तुझ्या आईकडून हैदराबादचा पत्ता घेतला. कांताबाईंनी तो तुझ्या धाकटीच्या, सोनूच्या वहीच्या पानावर लिहून दिला आणि वर चहाही पाजला, त्यामुळे दुप्पट अपराधी वाटलं. फोन का नाही केला, असं तू म्हणशील. तीनदा केला. तिन्ही वेळा तू हसलीस, "मस्त आहे सर" म्हणालीस, आणि तू हसलीस की मला पुढचं विचारता येत नाही. म्हणून गॅरेजात बसून लिहितोय. कागदाला ऑइल लागलं असेल तर सांभाळून घे. सध्या डोकं ठिकाणावर नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं ऑइल काढलं आणि नवं न भरताच चावी त्याच्या हातात दिली.

तुझा सिनेमा पाहिला. मी एकट्याने नाही, अख्ख्या वस्तीने. यूट्यूबवर आल्याचं कळलं तसं तुझ्या बाबांनी समाजमंदिरात प्रोजेक्टर लावायचं ठरवलं. रविवारी भर दुपारी खिडक्यांवर सतरंज्या टांगून अंधार केला. आधी सत्कार, मग सिनेमा. तुझ्या आईबाबांना शाल, मलाही शाल. ही पोरगी सरांनी घडवली, असं मंडळाचे अध्यक्ष माइकवर म्हणाले, आणि खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. ती शाल अजून पिशवीतून काढलेली नाही.

आता सिनेमा कसा होता, ते विचारू नकोस. हिरोचा शर्ट फाटतो आणि गल्ली ओलांडेपर्यंत पुन्हा धड होतो. लाथ नंतर बसते, आवाज आधी येतो. गुंड वीस, पण एकेक करून येतात, बाकीचे पंगतीत वाढप्याची वाट पाहावी तसे उभे. माणसं तेलुगूत तोंड हलवतात आणि हिंदीत बोलतात. "हिरोईनच्या ऐवजी मार मी खाते, माझं तोंड दिसत नाही," हे तू आधीच सांगितलं होतंस. पण गुंड कमी पडले म्हणून तुला मिशी लावून त्यांच्यातही उभं केलं, हे नव्हतं सांगितलंस! तुला ओळखायचा खेळच झाला. लाल ओढणीत मेलीस, मिशीत मेलीस, काळा बुरखा घातलेला पहारेकरी होऊन मेलीस. सोनू खुर्चीवर उभी राहून बोटं मोजत होती. तुझे बाबा शेजारच्याला म्हणाले, "एकाच पिच्चरमंदी तीनदा मेली माही पोरगी, अन् पगार एकाचाच!" सगळे खो खो हसले. मीही हसलो.

मला असले सिनेमे आवडतात, हे तुला ठाऊक आहे. घरात आयशाबी तर म्हणते, तुमची अक्कल राजूरच्या व्हिडिओ हॉलमध्येच राहिली. खरंच असेल. मी तुझ्यापेक्षा लहान होतो तेव्हा सायकलने राजूरला जायचो. खाणीतून सुटलेली माणसं कानातला कोळसासुद्धा न पुसता येऊन बसायची. टीव्ही एक, माणसं शंभर. गोष्ट कुणाला कळायची नाही आणि कुणी विचारायचंही नाही. मोठ्या सिनेमातला हिरो तारेला लटकून उडायचा, आमचा हिरो जमिनीवरच राहायचा. लागलं की लागलेलं दिसायचं. एकदा एका किडकिडीत नटाच्या नाकातून रक्त आलं आणि तो क्षणभर विसरूनच गेला की आपण नट आहोत. नाक धरून इकडेतिकडे पाहायला लागला. अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. हेच खरं, असं मला तेव्हा वाटलं. त्याच्यामुळेच मी कराटे शिकलो आणि तुम्हा पोरींना शिकवलं. आता इतक्या वर्षांनी विचार करतोय की त्या माणसाला पुढे कुणी दवाखान्यात नेलं असेल का.

तर तुझं चौथं मरण. पुन्हा लाल ओढणी. गच्चीवरून तुला ढकलतात आणि तू खाली फरशीवर येतेस. त्याबरोबर पहिली शिट्टी माझी होती, मैत्रेयी. दोन बोटं तोंडात घालून मारलेली. माझ्यामागून सगळ्या मंदिराने शिट्ट्या मारल्या. आणि मग माझी बोटं तोंडातच राहिली.

मी तुला पहिले तीन महिने फक्त पडायला शिकवलं होतं. तू चिडायचीस. "सर, मारायचं कधी शिकवान?" म्हणायचीस. हनुवटी छातीला, अंग गोळा, आणि पाठ टेकायच्या आत डावा तळहात जमिनीवर फाडकन. पहिल्या तिन्ही मरणांत तो हात मी पाहिला. मिशीतसुद्धा तो हात तुझाच होता. चौथ्यात हात आला नाही. उजवा पाय अंगाखाली गेला. आणि पडद्याच्या कडेने एका साध्या शर्टातल्या माणसाचा हात आत आला नि लगेच सीन बदलला. लोक त्या हाताला हसले. कच्चं काम, म्हणाले. मला वाटलं, कुणीतरी तुझ्याकडे धावलं होतं. पुढच्या सीनमध्ये लाल ओढणी होती, पण ती घेऊन पळणारी बाई तू नव्हतीस.

तेव्हापासून मोबाइलवर ते किती वेळा पाहिलं, मोजलं नाही. कधी वाटतं, म्हातारा झालो, भलतंच दिसतंय. पोरगी आता माझ्यापेक्षा हुशार झाली, खोटं पडणं खऱ्यासारखं करायला शिकली. कधी वाटतं, दुसऱ्यांदा घ्यायला पैसे नव्हते म्हणून खरंच तसंच ठेवून दिलं. तुझ्या आईबाबांना काही बोललो नाही. बरोबर केलं की चूक, कळत नाही. तुझ्या बाबांनी तर तेवढाच तुकडा स्टेटसला ठेवलाय आणि गावभर दाखवून राह्यले. मी त्यांना काय म्हणू? आणि माझं तरी काय, मला तर असंच आवडायचं ना, लागलं की लागलेलं दिसणारं? मला तुझी फार काळजी वाटते, एवढंच नक्की आहे. बाकी सगळा गोंधळ आहे.

हे पत्र भावसिंग आणतोय. कापसाच्या गाठींचा ट्रक घेऊन तो दर आठवड्याला तिकडे येतो. पत्ता वरच्या मजल्याचा आहे, तर कुणाला पाठवू नकोस, पत्र घ्यायला तू स्वतः जिना उतरून ये. कशी उतरलीस ते मी त्याला बघायला सांगितलंय. पाय गेला असला तर लपवू नकोस, मी येतो आणि तुला घेऊन येतो. पण आजच लिहायला बसलो ते सोनूमुळे. आज सकाळी क्लासला ती सगळ्यांच्या आधी आली. मी जिनिंगमधल्या रद्दी कापसाची पोती अंथरत होतो. तिने पायाने एक पोतं बाजूला सारलं, शाळेच्या ओट्यावर चढली आणि म्हणाली, "सर, मले ताईचं ते शेवटचं पडनं शिकवा." मी म्हटलं, आधी पोतं जागेवर ठेव. तर म्हणते, "ताईच्या खाली कुठी होतं पोतं?" तिचा दंड धरून खाली उतरवलं आणि रविवारपर्यंत क्लास बंद, असं सांगितलं. कारण विचारत होती, तर मी पोती उचलायला लागलो. ते पडणं शिकवता येत नाही, हे तिला माझ्याने सांगवत नाही. रविवारच्या आत तू तिला सांग.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
मोहिउद्दीन सर