पुण्याला जाणारी हार्ड डिस्क

आप्पा, परवा घरात नवी इंटरनेट लाइन बसवून गेले. आज सकाळी एका लग्नाची अख्खी फिल्म मी पुण्याच्या स्टुडिओला पाठवली आणि चहा उकळेपर्यंत ती पोचलीसुद्धा. मला आनंद व्हायला हवा होता. पण गॅस बंद करून ओट्यापाशी उभी राहिले आणि तुमचा इतका राग आला, की चहा तसाच गार झाला. तुम्ही जाऊन सात वर्षं झाली, तरी आला.

एडिटिंगचा कोर्स मी शिरूरहून रोज जाऊन-येऊन केला. तो संपला तेव्हा ह्याच स्टुडिओनं मला नोकरी देऊ केली, पण त्यासाठी पुण्यात राहावं लागणार होतं. तुम्ही एसटीच्या डेपोतून येऊन, हाताचं ग्रीस घासून, नुकते जेवायला बसला होता. मी सांगितलं, तर ताटावरची मान वर न करता म्हणालात, "खोली घिऊन एकटी ऱ्हानार? न्हाई जमायचं." आई मध्ये पडली, तर तिलाही गप्प केलंत. आठवड्यानं तुम्हीच केबलवाल्याला घरी घेऊन आलात. शेजारच्यांच्या पत्र्यावरून इंटरनेटची वायर ओढायला शिडीवर तुम्ही स्वतः चढलात. खाली उतरून घाम पुसत म्हणालात, "हे घे. आता पुण्याचं काम हितंच येईल." माझ्यासाठी फार मोठं काही आणल्यासारखे हसला होता.

काम आलंही. लग्नाचं शूटिंग सकाळी नेटवरून उतरवायला लावलं की दुपारी माझ्याकडं असायचं. पण चार दिवस बसून तयार केलेली फिल्म परत पाठवायची म्हटलं, की स्क्रीनवर 'तीस तास शिल्लक' दिसायचं. मध्येच लाइट जायची आणि सगळं पहिल्यापासून. केबलवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, सांगितलेला स्पीड खाली यायचा असतोय. वर पाठवायला तेवढा न्हाई भेटत." तुम्ही भडकलात. "आरं, येष्टी जाती तशीच माघारी येती. ह्याचंच काय निराळं?" तो हसला. तुम्ही हसला नाहीत.

मग एकदा नवरीकडच्यांची घाई होती, आणि दुपार झाली तरी आकडा सहा टक्क्यांवर अडकलेला. तुम्ही मागं उभं राहून बघितलंत आणि म्हणालात, "त्या डबीत घालून दे. मी नेतो." हार्ड डिस्क रुमालात गुंडाळली, डब्याच्या पिशवीत ठेवली आणि निघालात. त्यानंतर तुमची प्रत्येक साप्ताहिक सुट्टी पुण्याच्या गाडीत गेली. मी स्टँडवर सोडायला यायचे. तुम्ही खिडकीशी बसून पिशवी मांडीवर घ्यायचा आणि मला हातानंच खूण करायचा, जा घरी. माझं काम तुम्ही पुण्याला नेत होता आणि मला फाटकातून मागं फिरवत होता. तेव्हा मला त्यात फक्त माया दिसायची.

तुमच्या दहाव्याला स्टुडिओचे सर आले होते. म्हणाले, "मी त्यांना दर वेळी सांगायचो, मुलीलाच पाठवा. शेजारीच मुलींचं वसतिगृह आहे, आमच्या स्टुडिओतल्या दोघी तिथंच राहतात. तर ते म्हणायचे, तिलाच घर सोडवत नाही." पाहुण्यांना पाणी द्यायला आणलेला तांब्या माझ्या हातात होता, तो मी तसाच धरून राहिले. दोन वर्षं, आप्पा! दोन वर्षं तुम्ही तिथं माझ्या वतीनं नाही म्हणत राहिलात, आणि घरी येऊन चपला काढता काढता मला सांगत राहिलात, "पोचलं बरं का."

आई म्हणते, आता धरून काय बसतीस. मी तिच्याशी ह्यावर बोलत नाही. हे लिहिलेलंही तिला दाखवणार नाही. पाठवायला तर पत्ताच नाही, म्हणून कपड्यांच्या घडीखाली ठेवून देईन.

एक राहिलं. दहाव्याच्या दिवशीच निघताना सरांनी मला पुन्हा विचारलं, आता येतेस का. अडवायला तुम्ही नव्हता. मी म्हणाले, आईला एकटीला टाकून कशी येऊ. आई दारातच उभी होती, आदल्या दिवशीच तिनं मला "तू जा गं पुण्याला, माझं बघंन मी," असं सांगितलं होतं. मलाच जायची भीती वाटली होती, आप्पा.