सामाईक भिंतीतली उताणी

देवबापाला साक्ष ठेवून मी, मटिल्डा इनास मच्याडो, वय वर्षे चौसष्ट, निवृत्त शिक्षिका, अविवाहित, राहणार मौजे भुईगाव, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण गुडघ्यांनी कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्यांनी ज्यांनी आणून पाहिले ते सगळे थकून घरी गेले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मला मरायला फुरसत नव्हती. आता आहे. माझे काम झाले आहे आणि मी जिंकले आहे, हे कायद्याच्या कागदावर एकदा लिहायला मिळावे म्हणूनही हा उपद्व्याप.

कलम पहिले. माझ्या अंत्यविधीत रडगाणी नकोत. चर्चमधली मिस्सा झाल्यावर लग्नातला बँड वाजवीत मला दफनभूमीत न्यावे. फादरांना आवडणार नाही, पण त्यांना मी चौथीत शिकवले आहे, ते ऐकतील. पेटीत जपमाळ ठेवावी. गोगलगाय ठेवू नये. बेटावरून एकही उचलायची नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही.

कलम दुसरे. वडिलांच्या पश्चात आमच्या घराचे दोन भाग झाले. दक्षिणेकडचा माझा, उत्तरेकडचा माझा थोरला भाऊ मार्सेल याचा. मधली भिंत सामाईक. माझा भाग, विहिरीच्या पाण्याच्या हक्कासह, मी मार्सेलची मुलगी विनी हिला देते. अट एकच, आणि ती या भिंतीबद्दल आहे. अट सांगण्याआधी भिंतीची हकिकत सांगणे भाग आहे, नाहीतर उद्या एखादा वकील म्हणेल, म्हातारीचे डोके फिरले होते.

राजोडीच्या समोर समुद्रात कासवी नावाचे एक लहानसे बेट आहे. माणूस राहत नाही. झुडपे, पक्षी, शिंपल्यांचे ढीग आणि एक गोगलगाय. साध्या गोगलगायीच्या शंखाचे तोंड जमिनीकडे असते. कासवीवरची मोठी झाली की तिच्या शंखाचे तोंड वळत वळत वर येते आणि थेट आभाळाकडे बघते. कोळी तिला उताणी म्हणतात. मी कळंबपासून वसईच्या किल्ल्यापर्यंत एकही वाडी, एकही बांध सोडला नाही. उताणी कुठेच नाही. मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या संग्रहालयांनीही कळवले, आमच्याकडे नाही, कुठे असल्याचे ऐकिवात नाही. जगात फक्त कासवीवर! राजोडीचा नथू मला होडीने नेई आणि मी ढोपरावर बसून शंख बघत राहिले की ओरडे, "बाय, पानी चढतंय! तुमच्या उतानीला आभाळ बघू द्या, तुम्ही होडीत बसा."

आता प्रश्न असा, की ती तिथे आली कुठून? गोगलगायीला पोहता येत नाही. उडता तर त्याहून येत नाही.

मार्सेलकडे उत्तर तयार होते. त्याच्याकडे ते नेहमीच तयार असते. बंदरखात्यात नोकरी केल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट गलबतातून आली असा त्याचा समज आहे. चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या गावासमोर उभा राहून म्हणाला, "पोर्तुगीजांच्या गलबतांत भार म्हणून आफ्रिकेतले दगड भरलेले असत. ते कासवीवर टाकले, दगडांबरोबर गोगलगायी आल्या. परक्या आहेत त्या. त्यांच्यासाठी आपण आपलं बेट अडवून ठेवायचं?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचे कारण असे, की मार्सेल एका चुनाभट्टीत भागीदार झाला होता, भट्टीला कासवीवरचे शिंपल्यांचे ढीग हवे होते, आणि गावातल्या अर्ध्या घरांना भट्टीवर काम मिळणार होते. शिंपल्यांबरोबर उताणीही भाजल्या जाणार, त्याचे कोणाला काय?

मी सरकारात अर्ज केला. तिथले साहेब सरळ माणूस. म्हणाले, "बाई, ती बाहेरून आली असेल तर मी बेट अडवू शकत नाही. ती इथलीच आहे आणि दुसरीकडे कुठे नाही, असं दाखवा. मग बेट कोणाला देणार नाही. पण भट्टीलाही किती दिवस थांबवू? पावसाळ्याच्या आत दाखवा."

दाखवायचे कसे, ते मला ठाऊक होते. आमच्या किनाऱ्यावर करळाचा दगड लागतो. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा घट्ट बसून झालेला. हा दगड पहिले गलबत इकडे यायच्या हजारो वर्षे आधीचा. त्यात उताणी किंवा तिची आजी-पणजी सापडली, की गलबताची गोष्ट संपली. आणि सापडणार, अशी माझी खात्री होती. त्या काळी समुद्र खाली होता, कासवी हे बेट नव्हतेच, आपल्याच जमिनीवरचा तो एक उंचवटा होता. पुढे पाणी चढले, तेवढा तुकडा सुटा झाला. इकडच्या गोगलगायी मेल्या, तिकडच्या एकट्या पडून आपल्या तऱ्हेने बदलत गेल्या.

पण शंखाचे तोंड पातळ असते आणि करळातले शंख लाटांनी फुटलेले. पाठी मिळाल्या, शेंडे मिळाले. तोंड शाबूत असलेला एक मिळेना, आणि तोंडावाचून सगळे व्यर्थ. बारीक कणांचा, शंख न फोडणारा थर किनाऱ्यावर एकाच ठिकाणी होता. तो आमच्या आजोबांनी खणून काढला आणि त्याचे घर बांधले. उरलेला समुद्राने नेला. म्हणजे भुईगावात, अहो जगात, जिथे बघायचे होते ती जागा एकच: आमचे घर. आणि आमच्या घरावर दर नाताळला चुना लागतो. आजोबांपासून लागत आला आहे, थरावर थर. पुरावा भिंतीत आणि आम्ही सगळे दर वर्षी भक्तिभावाने तो झाकतो आहोत!

माझ्या बाजूच्या सगळ्या भिंती मी खरवडल्या. घर सोलल्यासारखे दिसू लागले. शंख निघाले, तोंडे फुटकीच. उरली सामाईक भिंतीची मार्सेलकडची बाजू, त्याच्या आल्ताराच्या, म्हणजे घरातल्या वेदीच्या, खालची. मी त्याच्या दारात गेले. आत ये म्हणायचे तर राहिलेच, म्हणाला, "माझ्या भिंतीला हात लावायचा नाही. तुझी बाजू तू भुताटकीसारखी केलीस, माझ्याकडे लग्न आहे." लग्न विनीचे. मी म्हणाले, "तुला भीती वाटते." तो म्हणाला, "मला चुना हवा, पांढरा स्वच्छ चुना." दार लावले. त्यानंतर आम्ही बोलणे टाकले. विहिरीवर तो आला की मी घागर अर्धी भरलेली घेऊन परत येई, आणि मी असले की तो. रिटा वहिनी बिचारी दोघांचे पाणी भरी.

मे महिना लागला. साहेबांची मुदत सरत आली. मी देवापुढेसुद्धा बसेनाशी झाले, कारण बसले की समोर भिंतच दिसे. हरल्याचे मी कोणाला बोलले नाही, पण हरले होते.

आणि मग लग्नाच्या तीन आठवडे आधी, दुपारची, मी केळी सोलून सुकेळीसाठी उन्हात मांडत होते, तेव्हा भिंतीपलीकडून मार्सेलचा आवाज आला. लहानपणी समुद्रात पुढे गेलो की मला हाक मारायचा तसा. "मटिल्डा! मटिल्डा गो! इकडे ये! तुझी उताणी माझ्या भिंतीत आहे!"

मी चपला न घालता धावले. गुडघे कुठे होते कोण जाणे.

रिटा वहिनीने त्याला लग्नाचा चुना द्यायला लावले होते. जुने पोपडे खरवडल्याशिवाय नवा चुना धरत नाही, म्हणून तो खरवडत होता. भिजवलेल्या चुन्याचे मडके पायाशी, हातात कुंचा, कुंच्यातून चुना गळतो आहे. भिंत वरून अर्धी रंगवून झालेली. आणि जिथे पांढरे थांबले होते, तिथून वीतभर खाली करळात एक शंख. पूर्ण. तोंडासकट. हे तोंड ना जमिनीकडे, ना आभाळाकडे. आडवे, बाजूला बघणारे. उताणी व्हायला निघालेली, अजून पोचलेली नाही अशी! मी भिंतीला कपाळ टेकले आणि ढसाढसा रडले. मार्सेल म्हणाला, "रडतेस काय, जिंकलीस ना?" मी म्हणाले, "म्हणूनच रडते आहे, गाढवा."

कलकत्त्याहून शास्त्रज्ञ आले. भिंग लावून बराच वेळ भिंतीशी बसले. रिटा वहिनीने केलेला चहा समोर गार झाला. मग उठून मला म्हणाले, "बाई, तुमची उताणी इथलीच. हा तिचा पूर्वज." शंख काढून नेऊ का विचारले. मी म्हटले, साचा घ्या, भिंत आमची आहे. पावसाळ्याच्या आत साहेबांचा हुकूम निघाला. कासवी कोणाला मिळणार नाही, भट्टीला नाही, कोणालाच नाही. ज्यांनी हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीच लग्नात मला खुर्चीसकट उचलले. भट्टीला शिंपले आता खाडीतून येतात, गावाचे काम चालू आहे, कोणाची चूल विझलेली नाही, हेही इथे लिहून ठेवते.

आता अट. विनीने माझ्या बाजूला हवा तो रंग द्यावा, हवा तर गुलाबी. परंतु पलीकडच्या त्या शंखाभोवतीच्या भिंतीला कधीही चुना, गिलावा वा खिळा लागणार नाही हे पाहावे, आणि कोणीही बघायला आले तर दाखवावे. इथे कायदा माझ्या आड येतो. शंख मार्सेलच्या बाजूला आहे. जे माझे नाही ते मी देऊ शकत नाही, त्यावर अट घालू शकत नाही. नाताळ तोंडावर आला आहे. पलीकडे चुन्याची मडकी भिजत पडलेली मला वासाने कळतात.

कलम तिसरे. भिंग, लहान हातोडी व छिन्नी शाळेला. चाळण रिटा वहिनीला परत द्यावी. ती मूळची तिची सुकट चाळायची. मी विचारून घेतली नव्हती, तिला माहीत होते.

कलम चौथे. पोस्टातल्या पुंजीतून नथूच्या होडीला नवे शीड घ्यावे. उरेल ते त्याने दर्यात घालावे नाहीतर पोटात, मला हिशेब नको. वाडीतली राजेळी केळी विनीची.

कलम पाचवे. मला गोगलबाय म्हणणाऱ्या सर्वांस माफी. नाव चांगले होते.

कलम सहावे. माझा भाऊ मार्सेल यास मी काहीही ठेवत नाही. भांडे नाही, खुर्ची नाही, झाडाचे पान नाही. रागाने नव्हे. मृत्युपत्राखाली साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातून काही घेता येत नाही, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. कुंचा त्याच्या हातात होता. घरात कोणी नव्हते. एक हात फिरवला असता तर भट्टी त्याची, बेट त्याचे, आणि मी मरेपर्यंत वेडी. त्याने हाक मारली. असा भाऊ ज्याला आहे त्याने हात वर करावा.

तरी त्याला अगदीच रिकाम्या हाताने वाटेला लावलेले नाही. कलकत्त्याच्या शास्त्रज्ञांनी जिवंत उताणीला माझे नाव दिले, मटिल्डी. भिंतीतल्या पूर्वजाला कोणाचे देऊ, असे मला विचारले. मी म्हटले, थोरला आहे, मार्सेलचे द्या. आता जगाच्या पोथ्यांत लिहिले जाईल की मार्सेली दगडात राहिला आणि मटिल्डी अजून चालते आहे.

एवढे सगळे झाले, पण ते एक वाक्य तो अजून बोललेला नाही. लग्नात नाही, नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सेला नाही, काल पाव आणून दिला तेव्हाही नाही. हॉलमध्ये सगळ्या गावासमोर जे म्हटले होते, ते खोटे होते असे त्याच्या तोंडून मला ऐकायचे आहे. नाही बोलला तरी हे मृत्युपत्र वैध आहे.

वरील मजकूर मी शुद्धीवर, चष्मा लावून, दोनदा वाचून त्याखाली सही केली आहे.

मटिल्डा इनास मच्याडो
मुक्काम भुईगाव, २० डिसेंबर १९५६

साक्षीदार पहिला: दिनानाथ विष्णू राऊत, बागायतदार, शेजारी. बाईंनी माझ्यादेखत सही केली. बुद्धी शाबूत असल्याबद्दल माझी खात्री आहे, कारण सहीआधी त्यांनी केळीच्या भावावरून माझ्याशी वाद घातला व जिंकला.

साक्षीदार दुसरा: मार्सेल इनास मच्याडो, थोरला भाऊ. सगळे वाचले. एक दुरुस्ती: शास्त्रज्ञांचा चहा रिटाने नव्हे, मी केला होता. बाकी बरोबर. माझ्या बाजूच्या त्या जागेला मी चुना लावणार नाही, माझ्या मागेही कोणी लावणार नाही, तसे मी माझ्या कागदात लिहून देतो. मडकी आल्ताराच्या वरच्या भागासाठी भिजवली आहेत, हिने उगाच घाबरू नये.

गोगलगाय गलबतातून आलेली नाही. इथलीच आहे.