मामा आला म्हण

बाबा, तो दगड ऐकण्याची खरी किंमत आज मोजली: तुमचा माग दिवसभर बंद, पातळाचा काठ अर्धवट, सायकलची फुटलेली ट्यूब अन् आईचा तीन दिवसांचा अबोला. तेव्हा मी सात वर्षांचा. आंधळगावहून तुम्ही मला दांड्यावर बसवून आंबागडाजवळच्या टेकडीवर नेलं होतं.

तिथे काळे दगड ओळीने उभे आहेत. नवरीच्या मामाची वाट पाहता पाहता मुहूर्त टळला अन् अख्खं वऱ्हाड दगड झालं म्हणतात. बाकीचे मुके, नवरी तेवढी वाजते, तीही कान लावला तर. तुम्ही माझ्या हातात गोटा देता. "मामा आला म्हण, अन् ठोक."

"पण मी कुठी मामा आहो?"

"तिले कुठी दिसते? आयकू येते फक्त. म्हण!"

मी ठोकतो. दगडाच्या आत, पाण्याच्या पितळी गुंडाला नख लागावं तसा आवाज.

तेव्हापासून कानावरच जगलो. तुमसरला मिलमध्ये हमाल होतो, आवाजावरून बिघाड सांगत मिस्त्री झालो, मग मालक. फुशारकी एकच: फाटकातून शिरतानाच मला कळतं, कोणतं बेअरिंग रडून राहिलं.

तीच आता नडली. गिट्टीसाठी टेकडी फोडणार आहेत. ठेकेदार म्हणाला, एक दगड सोडतो, कोणता ते सांगा. गावात कोणी तिसऱ्याला कान लावून शपथ घेई, कोणी सातव्याला. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. "शेठ, तुमचा कान म्हंजे कान! नवरी तुमीच वळखा."

काल गेलो. "मामा आला" म्हणत एकेक ठोकला. पाचव्याशी डोळे मिटले, मान डोलावली. बायांनी लगेच हळदकुंकू लावलं. बाकीचे फोडायला उद्या सकाळी मशीन येते.

तेव्हापासून बसवत नाही. अंगणात फेऱ्या मारतो, पुन्हा हा कागद घेतो. पाचव्याजवळ पळसाची सावली होती, बाबा, एवढंच. तुम्ही मला नवरीशी खोटं बोलायला शिकवलं, मी गावाशी बोललो. मशीन थांबवायची तर सकाळी चारचौघांत खरं सांगावं लागेल, म्हणून आधी तुमच्याजवळ बोलून पाहतो. कागद खिशातच राहील.

दोन वर्षं झाली, घरात फोन वाजला की तुमची सून येऊन माझा खांदा हलवते.