शिव्या कुणाला घालायच्या?

ओल्शिंका, पोलंड
२० फेब्रुवारी

प्रिय लुडविकाताईस,
सा. न. वि. वि.

मुली मजेत आहेत, मी नाही. आपल्याकडे गावची शाळा ठेवायची की मोडायची ते पंचायतच ठरवते, तुला माहीतच आहे. मंगळवारी आम्हा सदस्यांचं मतदान झालं. अकराच पोरं उरलीत गं, सगळी एकाच खोलीत. थोरल्या गावात बसने गेली तर विषयागणिक शिक्षक मिळतील. एका मताने शाळा बंद ठरली. ते मत माझं.

बाबा मागच्या बाकावर बसून बघत होते. जन्मभर तिथे हेडमास्तर राहिलेला माणूस! वाटेत एवढंच म्हणाले, की आमच्या वेळी हुकूम वॉर्साहून यायचे. वॉर्साला चार शिव्या घालायच्या नि जेवायला बसायचं. आता कुणाला घालू? पोटच्या पोरीला? तेव्हापासून माझ्याशी अक्षर बोललेले नाहीत. जेवतात, उठतात. काय करू मी?

राग आला तरी माया तोडू नकोस.

तुझी,
गेनिया

९ मार्च

चि. गेनियास,
अ. उ. आ.

आधी रागावते, थोरली आहे, हक्कच आहे माझा. त्याच शाळेत वाचायला शिकलीस ना भवाने? हात वर झालाच कसा? पत्र वाचून रडले, मग उगाच नवऱ्यावर खेकसले.

इथे ग्रीसमध्ये मास्तर, पुस्तकं, शाळेचं कुलूप, सगळं अथेन्सहून येतं. शेजारच्या गावची शाळा मोडली तेव्हा कॉफीच्या दुकानात महिनाभर अथेन्सचा उद्धार चालला होता. गावात कुणाचं कुणाशी बिनसलं नाही. पण जाब विचारायला दार कुणाचं ठोठावायचं, तेही कुणाला कळलं नाही. बाबांना तुझं दार तरी माहीत आहे. त्यांना जेवू घालत राहा.

मी आहे तशीच तुझी आहे, जिवाला खाऊ नकोस.

लुडविका

२ सप्टेंबर

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

काल शाळा सुरू झाल्या. बाबा टाय लावून बसथांब्यावर हजर! बाईंना द्यायची फुलं घेतलेल्या पोरांमागोमाग तेही बसमध्ये चढले. म्हटलं, गेले आता भांडायला.

दुपारी परतले ते कोटाला एक फूल खोचून. शेजारच्या छोट्या कालीनाने दिलेलं. बराच वेळ सूप ढवळत बसले. मग खाली बघूनच सांगू लागले, की तिथे प्रयोगशाळा आहे, वर्ग उबदार आहेत. बस आपल्या शाळेवरून जाते, पण पोरं गप्पांत होती, कुणी वळूनही बघितलं नाही.

आणि मग माझ्यावरच खेकसले, की सुपात मीठ नाही.

मीठ अगदी बेताचं होतं, ताई. मी मुकाट्याने बरणी पुढे केली आणि आत जाऊन पोटभर रडले.

बाबांचा तुला आशीर्वाद. त्यांनी स्वतः सांगायला सांगितलाय, मला.

तुझी,
गेनिया