पांढरा चौकोन

ॲबरडीन,
मंगळवार, १४ मार्च

प्रिय बाबा,

शनिवारी तुमचा फोन आला नाही, म्हणजे समुद्र बरा होता आणि तुम्ही शेवंडांचे पिंजरे उचलायला गेला होतात, असं धरते. गुडघा कसा आहे? आईने पाठवलेला संत्र्याचा मुरंबा पोचला, बरणी फुटली नाही. मी ठीक आहे. हे पत्र चौथ्यांदा सुरू करते आहे.

समुद्रात उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांच्या बैठकीचं आईने सांगितलं. कंपनीच्या माणसाने नकाशा लावला. त्यात आपल्यासमोरचा समुद्र पांढरा, खाली ‘मासेमारी नगण्य’. तुम्ही उठून विचारलंत, ‘हा काढणाऱ्याच्या बुटाला कधी खारं पाणी लागलंय का?’ त्यावर वॉटीकाका तुम्हाला म्हणाले म्हणे, ‘मीठ घालून आंघोळ करत असेल रे, डॉड.’ सगळे हसले.

नकाशा मी काढला.

मोठ्या बोटींवर यंत्र असतं. बोट कुठे आहे ते दर दोन तासांनी कळतं. तुमच्या होडीसारख्या लहान होड्यांवर ते नव्हतं, म्हणून त्यांचा एकच पुरावा उरतो: मासेमारी खात्याला दर आठवड्याला जाणारा कागद. किती शेवंड, किती खेकडे, समुद्राच्या कोणत्या चौकोनात. आपल्या चौकोनात अकरा वर्षं जवळजवळ काहीच नाही. लगतच्या, दक्षिणेकडच्या चौकोनात नऊ होड्यांची शेवंड. तिथे तळाला नुसती वाळू आहे. इतकी शेवंड वाळूत मिळत नाही.

मला कारण शोधावं लागलं नाही. तेराव्या वर्षापासून तुमचे कागद मी भरत होते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तुम्ही हात पुसत सांगायचात, ‘खऱ्या चौकोनाचा आकडा टाकलास तर सोमवारी वॉटीचे पिंजरे आपल्या पिंजऱ्यांवर. कागद सरकारचा, जागा आपली. खालच्या चौकोनाचा टाक.’ वॉटीकाकाही त्यांच्या घरी हेच सांगत असणार, तुमचं नाव घेऊन. नऊच्या नऊ होड्या एकमेकांपासून एकच जागा लपवत होत्या.

नकाशासोबतच्या अहवालात मी एक वाक्य घातलं: ‘लहान होड्यांच्या नोंदी अपुऱ्या असू शकतात.’ पान ११२, तळटीप. वाक्य बरोबर आहे, आणि मी त्याच्या आड बसले. पुढे एक शब्द लिहिला असता तर कोणीतरी विचारलं असतं, तुला कसं माहीत? त्या प्रश्नात तुमचा परवाना होता आणि माझी नोकरी. तुमच्या परवान्याचा विचार मी आधी केला, असं लिहायला आवडलं असतं.

आता पवनचक्क्यांची वीज आणणारी केबल नेमकी तिथून जाणार आहे, जिथे जागा ओळखायला चर्चचा कळस आणि फेरियरच्या घराचं धुराडं तुम्ही होडीतून एका रेषेत धरता.

काल मी ऑफिसात साहेबांना लेखी कळवलं. नोंदी चुकीच्या आहेत, मला हे माहीत होतं, त्यांतल्या काही मी स्वतः लिहिल्या. जागा सांगितली नाही, ती सांगणं माझ्या हातात नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला. ‘परत घ्यायचाय का?’ म्हणाले. मी नको म्हटलं.

पुढच्या मंगळवारी खात्याचे अधिकारी बंदरावर येतील. हरकतींची मुदत एकतीस तारखेला संपते. खुणांची जी वही तुम्ही मामालाही कधी दाखवली नाहीत, ती त्यांच्यापुढे ठेवा. ठेवलीत तर तुम्हाला बहुधा दंड होईल, आणि वॉटीकाकांना सगळं कळेल. नाही ठेवलीत तर माझं म्हणणं पुराव्याविना राहील आणि नकाशा आहे तसा मंजूर होईल. बाकीच्या आठ जणांकडेही वह्या आहेत. तुम्ही काढल्याशिवाय त्या निघणार नाहीत.

उत्तराची घाई नाही, असं लिहायची पद्धत आहे. मला घाई आहे.

तुमची,
इशबेल