हलका हात

२ जून
पोचलो एकदाचे! दुकान अगदी मोक्यावर मिळालंय. समोर बसथांबा, आत दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, मागे राहायला दोन खोल्या. नदीपलीकडच्या कारखान्याचा आंबूस वास येतो आणि नळाचं पाणी तुरट लागतं, पण शेजारचा औषधवाला म्हणाला, होते सवय. निघताना सासूबाईंना शब्द दिला होता, आमच्या सहा वर्षांच्या ठकीच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. त्या म्हणाल्या, जावईबापू, केस कापणाऱ्यानं असला शब्द देऊ नये. बायको वाटभर हसत होती.

११ जून
काय गुणी गिऱ्हाईकं आहेत! वस्तरा ओढला तरी चुळबूळ नाही, कढत टॉवेल ठेवला तरी हूं की चूं नाही. पोस्टमन तर दाढी होता होता घोरायला लागला. माझा हात हलका आहे हे ठाऊक होतं, पण इतका? बायको म्हणते, उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढू नका.

२३ जून
शाळेचे मास्तर मुलीच्या लग्नाचं सांगता सांगता एकदम वळले आणि वस्तरा गालात शिरला. चांगलाच खोल. रक्त गळ्यापर्यंत ओघळलं तरी माणूस आपला बोलतोच आहे! आरशात दिसलं तेव्हा पुसा म्हणाले, आणि पुन्हा लग्नावर आले. डोंबलाचा हलका हात!

२४ जून
औषधवाल्याच्या खनपटीलाच बसलो. आधी आढेवेढे घेतले, मग हळूच म्हणाला, कारखान्याचं पाणी जमिनीत मुरतं, तेच नळाला येतं. सुरुवातीला हातापायांना मुंग्या येतात. तोवर गाव सोडलं तर माणूस सुधारतो. मुंग्या थांबल्या की काहीच जाणवत नाही, आणि ते मग कायमचं. बायकोला गेला आठवडाभर मुंग्या येतायत, मला बोलली नव्हती. मलाही येतात. ठकी म्हणते, मला काही होत नाही.

२५ जून
टेम्पो रविवारशिवाय मिळत नाही. पिण्याचं पाणी बाहेरून आणलं. सकाळी ठकीला चिमटा काढून पाहिला. आई गं, म्हणून केवढ्यानं किंचाळली! इतकं गोड मी आजवर काही ऐकलं नव्हतं. तिला उराशी धरून रडलो.

२७ जून
किंचाळली. देवा, अशीच किंचाळू दे.

२८ जून
माझ्या मुंग्या थांबल्या. कात्री हातात आहे की नाही ते बघावं लागतं. माझं मरू दे — ठकी ओरडतेय ना, बस.

२९ जून, रविवार
टेम्पो दारात. बायको सामान चढवतेय. ठकीला आरशासमोर धरलं — बोटं लागायच्या आधीच ओरडली. आरशात माझा हात बघत होती — रोज तेच — ठकीनं ठकवलं मला — म्हणते, मी ओरडले की तुला बरं वाटतं ना —

डोळे मिटायला लावले. चिमटा काढला. गप्प. आणखी जोरात — दंड काळानिळा — हसतेय — म्हणते, बाबा, काढ ना लवक—