दुसऱ्या विंडोचा क्लास

मालवण, मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय. आग्नेल अंकलच्या होडीचं बुकिंग आजपासून माझ्या प्रोग्रामवर व्हायचं होतं. गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची एक विंडो त्यांच्या लॅपटॉपवर, दुसरी पर्यटकांसमोरच्या टीव्हीवर. कुठली कुठे, हे विंडोच्या क्लासवरून, म्हणजे तिला दिलेल्या ओळखीच्या नावावरून ठरतं. दुसरीला 'पाहुणे' क्लास दिला, परत वाचला तर पहिलीचाच! क्लास एकच, म्हणून दोघी वेगळ्या ओळखूच येईनात; दोन्ही टीव्हीवर. सगळ्यांचे फोन नंबर जगजाहीर.

"तुका जमना नाय तर सांग रे. माझो फळो बरो आसा," अंकल म्हणाले.

रागाने उठलो, किनाऱ्यावर मच्छीमारांना रापणीचं जाळं ओढताना बघत तासभर घालवला. मग कळलं, क्लास विंडो बनवतानाच द्यायचा. नंतर दिलेला, मी वापरलेली तयार कोडची लायब्ररी घेतच नाही. आधी का नाही वाचलं मी? कोड बदलून क्लास परत वाचला: 'पाहुणे'. धावत गेलो. अंकल हातावरचा खडू झटकत होते.

"ऱ्हवांदे आता. उद्याची नावां लिवन झाली."